दोन ड्राइव्हची साक्ष

गेल्या गणपतीत मामांचा फोन आला. "सगळ्या सीड्या पेन ड्राइव्हवर घेतल्या रे. तू उगाच बाऊ करत होतास. एक सीडी दोन सेकंदांत होते!" सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर मैफली ऐकत आलेला, आवाजात समेवर आल्याचा आनंद होता. दोन दिवसांनी पुन्हा फोन. गाडीतला प्लेअर एकही गाणं वाजवायला तयार नाही. जाऊन पाहिलं, तर पेन ड्राइव्हवर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा फाइली ओळीनं बसलेल्या आणि प्रत्येक फाइल नेमकी ४४ बाइटची. बडा ख्यालही ४४ बाइट आणि तीन मिनिटांचा अभंगही ४४ बाइट. तेवढ्या जागेत मामांचा पत्तासुद्धा मावला नसता.

विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की दिसणाऱ्या या सीडीए फाइली म्हणजे गाणी नव्हेत, नुसत्या दारावरच्या पाट्या. अमुक गाणं कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढंच त्यांत असतं. गाणं सीडीवरून वेगळं उतरवून घ्यावं लागतं. त्यालाच रिप करणं म्हणतात. मामांच्या कपाटातल्या सव्वादोनशे सीड्या त्यानंतर मीच रिप केल्या. त्या तीन-चार महिन्यांत ड्राइव्हबद्दल जे कळलं, ते इथे लिहितो आहे. असं कपाट अजून पुष्कळ घरांत आहे आणि सीडी घालायची खाच मात्र नव्या लॅपटॉपवरून कधीच गेली.

सीडी वाचताना ड्राइव्ह काय करतो

ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवले. त्या दस्तऐवजाचं नाव 'रेड बुक'. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यात २,३५२ बाइट. ऑडिओ सीडीत हे सगळेच्या सगळे बाइट संगीताचे. संगणकाचा डेटा असलेल्या सीडीत मात्र तेवढ्याच तुकड्यात कामाचे बाइट २,०४८. उरलेले ३०४ बाइट त्या तुकड्याचा पत्ता आणि चूक सुधारण्याची जास्तीची तजवीज यांसाठी राखून ठेवलेले. म्हणून डेटा सीडीवरची फाइल एक तर बरोबर कॉपी होते, नाही तर संगणक सरळ 'जमत नाही' म्हणतो. ऑडिओ सीडी अशी कधीच हात वर करत नाही.

ऑडिओ सीडीला संरक्षण अजिबात नाही असं नव्हे. दोन्ही प्रकारच्या सीड्यांत चूक सुधारण्याची एक पायाभूत व्यवस्था असतेच. आकड्यांच्या गोलाकार रेघेच्या दिशेनं साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा ती पूर्ण भरून काढते, एकही आकडा न चुकता. त्यापलीकडे गेलं की ड्राइव्ह रफू करतो. आधीचा नमुना अमुक, नंतरचा तमुक, मधला साधारण एवढा असावा, असा अंदाज बांधून जागा भरतो. १९८०च्या हिशेबानं ते योग्यच होतं. दिवाणखान्यात वाजणाऱ्या प्लेअरनं गाण्याच्या मध्येच थांबून 'पुन्हा एकदा वाचतो' म्हटलेलं कोणाला चाललं असतं? पण आपण आता कायमची प्रत काढतो आहोत. इथे रफू नको, मूळ धागा हवा. आणि ड्राइव्हनं रफू केलंय की नाही, हे तो आपणहून सांगेलच असं नाही.

म्हणून रिपिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचून ताडून पाहतं. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे आंद्रे वीटहॉफ या जर्मन प्रोग्रामरचं मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो. दोन वाचनं जुळली नाहीत तर ते त्याच जागेवर हट्टानं बसतं, ८० वेळांपर्यंत वाचतं आणि तरी एकवाक्यता झाली नाही तर नोंदीत ती जागा संशयास्पद म्हणून लिहून ठेवतं. 'डीबीपॉवरअँप' सोपं आहे, पण विकत घ्यावं लागतं. मॅकवर 'एक्सएलडी', लिनक्सवर 'व्हिपर'. विंडोजचा स्वतःचा मीडिया प्लेअरही रिप करून देतो, पण काम झाल्यावर ते बरोबर झालं की नाही याचा पुरावा देत नाही. मला तो पुरावाच हवा असतो.

पुराव्याचा सगळ्यात भारी मार्ग म्हणजे 'अ‍ॅक्युरेटरिप'. जगभरच्या लोकांनी रिप केलेल्या सीड्यांच्या बेरजा, म्हणजे प्रत्येक ट्रॅकच्या सगळ्या आकड्यांपासून काढलेला एक छोटा ठसा, तिथे साठवलेला असतो. तुमचा ठसा इतर चाळीस जणांच्या ठशाशी जुळला, की विषय संपला. चाळीस वेगळ्या सीड्यांवर, चाळीस वेगळ्या ड्राइव्हनी तीच चूक करणं शक्य नाही. गाजलेला इंग्रजी आल्बम घाला, क्षणात हिरवा शेरा मिळतो.

मराठी सीडी घाला. बहुतेक वेळा उत्तर येतं: ही सीडी आमच्याकडे नाही. नाट्यसंगीताचे संच, एखाद्या संस्थेनं स्मरणिकेबरोबर काढलेली सीडी, छोट्या कंपनीनं हजार-पाचशे प्रतींत काढलेली मैफल, अभंगांचे संग्रह. यांच्याबाबतीत जगाची साक्ष मिळत नाही. मग साक्षीदार आपणच उभा करायचा. म्हणून ड्राइव्ह निवडण्याबद्दल माझा सल्ला एका वाक्यात सांगतो: एक महागडा ड्राइव्ह घेऊ नका, वेगवेगळ्या कुळातले दोन साधे ड्राइव्ह घ्या. एकाच सीडीचा दोघांनी काढलेला ठसा जुळला, तर ती प्रत बरोबर माना.

कुठला घ्यावा

जुना डेस्कटॉप घरात असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. त्यातला सव्वापाच इंची साटा ड्राइव्ह हा रिपिंगसाठी आजही उत्तम साक्षीदार आहे. जड असतो, सीडी घट्ट पकडतो, मोटरला १२ व्होल्ट मिळतात, त्यामुळे किंचित वाकडी सीडीही तो सांभाळून घेतो. तो लॅपटॉपला बाहेरून जोडायचा असेल तर एक काळजी घ्या. छोट्या हार्ड डिस्कसाठी मिळणारी साटा ते यूएसबी केबल फक्त ५ व्होल्ट देते. तिच्यावर हा ड्राइव्ह नीट चालणारच नाही. वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असलेली केबल किंवा पेटी मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशा जोडण्या सहज मिळतात, ऑनलाइनही मिळतात.

जुन्या लॅपटॉपमधला पातळ ड्राइव्हही वाया घालवू नका. त्याच्यासाठी यूएसबीची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी मिळते. घेण्याआधी फूटपट्टीनं ड्राइव्हची जाडी मोजा, कारण १२.७ मिलिमीटरच्या आणि ९.५ मिलिमीटरच्या पेट्या वेगळ्या असतात. दुकानदार 'सगळ्याला बसते' म्हणेल. नाही बसत.

नवाच घ्यायचा तर यूएसबीवर चालणारा पातळ डीव्हीडी रायटर घ्या. हे ड्राइव्ह सीडी जास्तीत जास्त २४ पट वेगानं वाचतात, डेस्कटॉपवाले ४८ पट. पण हा फरक मनावर घेऊ नका. कसून वाचताना वेग तसाही सात-आठ पटीवर येतो आणि एक तासाची सीडी आठ-दहा मिनिटं घेते. वेगाच्या आकड्यावर ड्राइव्ह निवडणं म्हणजे तबलजी फक्त द्रुतलयीवर निवडण्यासारखं.

कुळाचं मात्र जरूर पाहा. डब्यावरचं नाव एक आणि आतलं यंत्र दुसऱ्याचं, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. ड्राइव्ह जोडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचं खरं नाव दिसतं. एचएल-डीटी-एसटी म्हणजे हिताची आणि एलजी यांची भागीदारी. टीएसएसटी म्हणजे तोशिबा आणि सॅमसंग. पीएलडीएस म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन. मात्सुशिता दिसलं तर ते पॅनासोनिकचं घर. तुम्ही दोन वेगळ्या ब्रँडचे ड्राइव्ह घेतलेत आणि दोघांचं नाव एचएल-डीटी-एसटीनंच सुरू होत असेल, तर सख्खे भाऊ साक्षीला बोलावल्यासारखं झालं. एकाची खोड दुसऱ्यातही असण्याची शक्यता जास्त. अगदी स्वस्त, बिननावाच्या काळ्या डब्यांत तर कधी कधी जुन्या लॅपटॉपमधून काढलेलं यंत्रच बसवलेलं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण नव्याचे पैसे देऊन जुनं का घ्यावं?

ब्लू-रे ड्राइव्ह सीडी वाचतो, पण सीडीसाठी म्हणून तो घेण्याचं कारण नाही. आणि 'ऑडिओफाइल' म्हणून अव्वाच्या सव्वा किमतीला विकल्या जाणाऱ्या ड्राइव्हबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन ड्राइव्हचे ठसे जुळले, याचा अर्थ दोन्ही फाइलींतला प्रत्येक आकडा सारखा आहे. त्यातली एक फाइल जास्त 'उबदार' वाजते असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

सुरुवातीची मांडणी

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये ड्राइव्हच्या पर्यायांत 'सिक्युअर' पद्धत निवडा. तिथे तीन चौकोन असतात. 'अ‍ॅक्युरेट स्ट्रीम'वर खूण करा, आजचे जवळपास सगळे ड्राइव्ह त्यात बसतात. 'ऑडिओ डेटा कॅश करतो' यावरही खूण करा. ड्राइव्ह नुकतंच वाचलेलं आपल्या स्मृतीत ठेवतो आणि दुसऱ्यांदा विचारलं की सीडीकडे न बघता तेच परत सांगतो. मग दोन वाचनं जुळणारच! पाठ केलेलं उत्तर दोनदा म्हणून घेतल्यानं परीक्षा होत नाही. ही खूण केली की सॉफ्टवेअर ती स्मृती पुसून पुन्हा वाचायला लावतं.

तिसरा चौकोन 'सी-टू'चा. ड्राइव्ह स्वतःहून 'इथे मला चूक सापडली' असं सांगू शकतो, त्या सोयीचा. खूण केली की सॉफ्टवेअर दोनदा वाचत बसत नाही, ड्राइव्हच्या शब्दावर विसंबतं आणि काम निम्म्या वेळात होतं. मी केली होती. पहिल्या चाळीस सीड्या त्याच्यावरच काढल्या. नोंदी सगळ्या स्वच्छ, एकही संशयास्पद जागा नाही. मग एका रात्री हेडफोन लावून एक जुनी भैरवी ऐकत होतो आणि अंतऱ्याच्या तोंडाशी 'टक्' ऐकू आलं. अगदी बारीक, तंबोऱ्याच्या तारेला नख लागावं तसं. तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर काढली तर ठसा वेगळा आणि 'टक्' गायब. पहिला ड्राइव्ह चूक सापडल्यावरही गप्प बसत होता. चाळीसच्या चाळीस सीड्या पुन्हा काढल्या. तेव्हापासून तिसरा चौकोन मी रिकामा ठेवतो.

आता ऑफसेट. हे एकदाच करायचं असतं, पण चुकलं तर दोन ड्राइव्हची साक्षच बाद होते. प्रत्येक मॉडेल ट्रॅकची सुरुवात काही नमुने अलीकडे किंवा पलीकडे धरतं. पुष्कळ एलजी आणि लाइट-ऑन ड्राइव्हची दुरुस्ती अधिक ६ असते, अलीकडच्या पायोनियरची अधिक ६६७. सहा नमुने म्हणजे सेकंदाचा सात हजारावा भाग. कानाला त्याचा पत्ता लागणं शक्य नाही. पण ठसा काढणाऱ्या गणिताला लागतो. सहा नमुन्यांनी सरकलेली फाइल त्याच्या लेखी वेगळीच फाइल. म्हणून दोन्ही ड्राइव्हची दुरुस्ती आधी बरोबर बसवा. त्यासाठी अ‍ॅक्युरेटरिपला माहीत असलेली, भरपूर खपलेली एखादी सीडी घालावी लागते. दोन-तीन घालून पाहिल्या की सॉफ्टवेअर आपोआप आकडा ओळखतं. कपाटात सगळं मराठीच असेल तर शेजारच्या मुलाच्या बाबांकडून एखादा इंग्रजी आल्बम तासाभरासाठी मागून आणा. तीच सीडी पुढे 'तपासणीची सीडी' म्हणून लक्षात ठेवा, ती खाली पुन्हा लागणार आहे.

मग 'टेस्ट अँड कॉपी'. सॉफ्टवेअर एकदा नुसतं वाचतं, दुसऱ्यांदा वाचून लिहितं आणि दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे तेच ठसे, शेजारी शेजारी दाखवतं. पहिल्या ड्राइव्हवर हे जुळले की दुसऱ्या ड्राइव्हवर नुसती टेस्ट करा. वहीत लिहायची गरज नाही, नोंदीची फाइल आपोआप तयार होते. ती गाण्यांच्या शेजारीच ठेवा. तुलना मात्र त्याच सीडीची करा. तोच संच पुढे पुन्हा छापला गेला असेल तर नव्या आवृत्तीचा ठसा वेगळा येऊ शकतो, त्यात ड्राइव्हचा दोष नाही.

साठवायचं फ्लॅक या प्रकारच्या फाइलींमध्ये. यात काहीही कापलं जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. दोनशे सीड्या शंभर जीबीच्या आत बसतात. शास्त्रीय संगीतासाठी याला आणखी एक कारण आहे. विलंबित आणि द्रुत यांचे दोन ट्रॅक पाडलेले असतात, पण गवई मध्ये थांबलेला नसतो. एमपी-थ्रीत त्या सांध्यावर बऱ्याचदा बारीकशी पोकळी येते आणि तबलजीची उठावणी अर्धवट तुटते. गाडीसाठी एमपी-थ्री हवंच असेल तर नंतर फ्लॅकवरून काढा.

अडलं की कुठे बघायचं

ड्राइव्हला दोष देण्याआधी तपासणीची सीडी घाला. ती सुरळीत वाचली तर ड्राइव्ह ठीक आहे, अडचण त्या एका सीडीत आहे. तीही अडली तर ड्राइव्ह किंवा जोडणी पाहायची. हा पाच मिनिटांचा नियम पाळला असता तर माझा एक अख्खा रविवार वाचला असता.

यूएसबी ड्राइव्हच्या निम्म्या तक्रारी विजेच्या असतात. लक्षण ओळखू येतं: सीडी फिरायला लागते, 'खर्र… टक… खर्र' असा आवाज, मग संगणक वस्तू काढल्याचा सूर वाजवतो, लगेच जोडल्याचा, पुन्हा काढल्याचा. जुनं यूएसबी पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतं, निळं यूएसबी ३ पोर्ट ९००. सीडी फिरवायला सुरुवात करताना मोटर याहून जास्त ओढू शकते. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून बसा, मधला हब काढून टाका, लांब केबल बदलून आखूड घ्या. दोन टोकांची केबल आली असेल तर दुसरं टोक शोभेचं नाही, तेही लावा. माझा रविवार गेला तो यातच. दिवसभर सीड्या पुसत बसलो आणि संध्याकाळी कळलं की हबला मोबाइलही चार्जिंगला लावलेला होता.

ड्राइव्ह मुळात दिसतच नसेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर बहुतेकदा एखादं जुनं सीडी लिहिण्याचं सॉफ्टवेअर आपला अवशेष मागे सोडून गेलेलं असतं. तिथूनच ड्राइव्ह 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू करा. एवढ्यानं भागलं नाही तर जाणकाराला बोलवा; रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका.

ट्रे बाहेर येत नसेल तर समोर टाचणीएवढं भोक असतं. संगणक बंद करून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच घाला. डेस्कटॉप ड्राइव्हचा ट्रे अर्धवट येऊन परत जात असेल तर आतला रबरी पट्टा ताठरला आहे. तो काढून दोन मिनिटं गरम पाण्यात टाकून कोरडा करून बसवला की काही महिने चालतो. तेवढ्यात तुमचं कपाट रिकामं होईल.

सगळ्याच सीड्या हळूहळू त्रास देऊ लागल्या तर भिंग पाहा. पातळ ड्राइव्हमध्ये ते ट्रेवरच असतं, वाटाण्याएवढं, निळसर झाक असलेलं. ड्राइव्ह यूएसबीपासून सोडवा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, भिंगावर एक हलका वर्तुळाकार हात, मग कोरडी काडी. दाबू नका, भिंग केसासारख्या तारांवर लटकलेलं असतं. वीज चालू असताना त्यात डोकावू नका. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. आणि त्या ब्रश लावलेल्या 'लेन्स क्लीनर' सीड्यांपासून पातळ ड्राइव्हला दूर ठेवा. माझा स्वतःचा त्यांच्यावर विश्वास नाही.

आता एकटीदुकटी सीडी अडते तेव्हा. आधी प्रकाशात तिरकी धरा. केंद्राकडून कडेकडे गेलेले ओरखडे सहसा त्रास देत नाहीत, कारण लेसर त्यांना आडवा ओलांडून जातो. रेघेच्या दिशेनं, गोलाकार गेलेला ओरखडा वाईट. लेसर त्याच्या बाजूबाजूनं चालत राहतो आणि सलग आकडे बुडतात. म्हणूनच सीडी गोल पुसायची नाही, मध्यापासून कडेपर्यंत सरळ पुसायची. बोटांचे ठसे असतील तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धुवा, मऊ कापडानं टिपा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं नावही काढू नका. टूथपेस्टनं ओरखडा घासण्याचा घरगुती उपाय बारीक ओरखड्याला कधी लागू पडतो, पण तो सगळ्यात शेवटी.

लोक जपतात चकचकीत बाजू आणि लिहितात छापील बाजूवर. खरं तर नाजूक बाजू छापाचीच. लेसर १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून आत पाहतो. परावर्तक थर त्याच्या पार पलीकडे, छपाईच्या पातळ लेपाखाली असतो. तिथला ओरखडा भरून निघत नाही. सीडी बल्बसमोर धरा. टाचणीच्या टोकासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेला. एखाद-दुसरा ठिपका चालतो. चाळणी झाली असेल तर ती सीडी ताबडतोब, मिळेल तेवढी काढून ठेवा. लायब्ररीचा किंवा हौसेनं चिकटवलेला कागदी स्टिकर असेल तर वेगात सीडी थरथरते. स्टिकर ओढून काढू नका, थर त्याच्याबरोबर येईल. वेग कमी करा.

कोकणात आणि मुंबईत बुरशी हा वेगळाच अध्याय. मामांचं कपाट रत्नागिरीतून आलेलं; तीस-एक सीड्यांवर पांढरट जाळी होती. बहुतेकदा ती वरवरचीच असते आणि साबणाच्या पाण्यानं जाते. पण २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलिझ देशातून आलेल्या एका सीडीत बुरशीनं आतला थरच खाल्ल्याचं स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं, तेव्हा पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका. धुतलेली सीडी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका, नाहीतर ओल भिंगावर चढते.

धुऊन, पुसूनही अडली की वेग उतरवा, आठ पट, मग चार पट. तरी नाही जमलं की ड्राइव्ह बदला. मामांकडे एका खासगी मैफलीची ७४ मिनिटांची सीडी होती. माझ्या पातळ ड्राइव्हनं पहिली ६८ मिनिटं बिनतक्रार वाचली आणि शेवटच्या भैरवीवर वेग शून्य पूर्णांक तीनवर आणून ठेवला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचं गाणं कडेला येतं. सीडी वाकलेली असेल तर तिथेच जास्त हेलकावते आणि बोटंही तिथेच लागलेली असतात. तीच सीडी जुन्या डेस्कटॉप ड्राइव्हनं न अडखळता काढली, दोन्ही ठसे जुळले. पाठोपाठची सीडी मात्र डेस्कटॉपनं नाकारली आणि पातळ्यानं मुकाट वाचली! तेव्हापासून मी 'चांगला ड्राइव्ह' हा शब्द वापरत नाही.

थांबायचं कधी, हेही ठरवून ठेवा. एका ट्रॅकवर अर्धा तास गेला तर थांबा. ८०-८० वेळा वाचताना ड्राइव्ह तापतो आणि तापलेला ड्राइव्ह आणखी चुकतो. त्याला तासभर सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला. तरीही दोन ठिकाणी 'टक्' राहत असेल तर नोंदीत मिनिट-सेकंद लिहा आणि पुढे जा. रेकॉर्डच्या खरखरीतून ऐकत आलेल्या पिढीला दोन 'टक्' जड नाहीत.

ओळीत कुठली सीडी आधी घ्यायची, ते मात्र कपाटाच्या क्रमावर सोडू नका. दुकानातून आणलेली, कारखान्यात छापलेली सीडी थांबू शकते. घरी लिहिलेली सीडी-आर थांबू शकत नाही. तिच्यात खड्डे नसतात, रंगद्रव्याच्या थरावर जाळून केलेल्या खुणा असतात आणि तो रंग उन्हानं, उष्णतेनं, नुसत्या वयानंही उडतो. हिरवट-निळसर किंवा सोनेरी झाक दिसली की ती सीडी-आर समजा. आणि नेमकं याच सीड्यांवर असतं ते जगात दुसरीकडे कुठेही नसतं: आजोबांच्या कॅसेटवरून कोणी तरी उतरवलेलं कीर्तन, वाड्यातली मैफल, मुंजीत आत्यानं म्हटलेलं पद. यांची दुसरी प्रत बाजारात मिळणार नाही, कोणत्याही डेटाबेसमध्ये त्यांचा ठसा सापडणार नाही.

मामांच्या सव्वादोनशेपैकी २३ सीडी-आर होत्या. त्यांतल्या चार माझ्याकडे येईपर्यंत कोऱ्या झाल्या होत्या, दोन्ही ड्राइव्हना त्यांत काहीच दिसलं नाही. तुमच्या कपाटात मार्करनं नाव लिहिलेली एखादी सीडी असेल, तर ड्राइव्ह विकत घेण्याचीही वाट पाहू नका. कोणाचा तरी मागून आणा आणि ती आजच काढा.